संग्रहाच्या कपाटाला कोणते रोगण द्यावे?

सातवाहनांच्या राज्यात शिशाची नाणी चलनात होती, ही गोष्ट नाणकशास्त्राच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. दोन हजार वर्षे मातीखाली पडून राहूनही ज्या नाण्यावरचा हत्ती किंवा उज्जैन-चिन्ह अजून ओळखता येते, तेच नाणे एखाद्या हौशी संग्राहकाने मोठ्या प्रेमाने करवून घेतलेल्या, आतून-बाहेरून लखलखीत रोगण दिलेल्या लाकडी पेटीत मखमलीच्या खळग्यात बसवले, म्हणजे थोड्याच वर्षांत त्याच्यावर पांढरी भुकटी धरण्याचा संभव असतो. ती झटकली की तिच्याबरोबर छापाचाही एक थर निघून जातो, आणि पुढच्या पावसाळ्यात भुकटी पुन्हा येते. संग्राहक मग दोष देतो तो हवेला, हाताच्या घामाला, क्वचित विकणाऱ्याच्या सचोटीला. ज्या पेटीने नाण्याचे रक्षण करावयाचे, ती पेटीच त्याला खात असेल अशी शंका त्याला येत नाही. कारण पेटी सुंदर असते आणि तिच्यासाठी त्याने चांगले पैसे मोजलेले असतात.

प्रस्तुत लेख अशा पेट्या, कपाटे आणि काचेच्या मांडण्या करवून घेणाऱ्यांसाठी आहे: घरी पदके, नाणी, शंख-शिंपले, जुनी छायाचित्रे वा पोथ्या जपणाऱ्यांसाठी, आणि तालुक्याच्या गावी ज्यांच्या गळ्यात ग्रंथालयाचे किंवा छोट्या वस्तुसंग्रहालयाचे काम पडलेले असते अशा चिटणीसांसाठी. सुताराला आणि रंगाऱ्याला काय विचारावे, काय नाकारावे आणि काय लिहून घ्यावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे. परंतु ते पटण्यासाठी बंद कपाटाच्या आतल्या हवेत काय घडते याची थोडी ओळख करून घेणे प्राप्त आहे.

वाळलेल्या लाकडातही रासायनिक व्यवहार चालूच असतो. लाकडाच्या पेशीभित्तिकांत सेल्युलोजच्या जोडीने हेमिसेल्युलोज नावाचे एक द्रव्य असते, आणि त्याच्या रेणूला ॲसेटिलचे गट जडलेले असतात. हवेतील ओलाव्याने हे गट सावकाश सुटे होतात आणि त्यांचे ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्याला ज्याच्यामुळे आंबटपणा येतो तेच आम्ल, बनून ते बाष्परूपाने बाहेर पडते. त्याच्याबरोबर थोडे फॉर्मिक आम्लही असते. उष्णता आणि दमटपणा वाढला की हा वेग वाढतो, आणि आपल्या किनारपट्टीवर आषाढ-श्रावणात हवेची सापेक्ष आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहते, हे लक्षात घेतले म्हणजे युरोपातील पुस्तकांत दिलेले इशारे आपल्याकडे अधिकच काटेकोरपणे का पाळावयास हवेत हे उघड होईल. लाकूड जुने झाले म्हणून हा स्राव थांबतो असेही नाही. शंभर वर्षांच्या ओकच्या कपाटातही तो आढळतो. उघड्या फळीवर ठेवलेल्या वस्तूला त्याची बाधा सहसा होत नाही, कारण बाष्प हवेत विरून जाते. आपल्या देव्हाऱ्यातला शंख पिढ्यान्‌पिढ्या शाबूत राहतो, त्याला ही मोकळीकही कारण असावी. धोका उत्पन्न होतो तो दार लावल्यावर. आणि धूळ येऊ नये म्हणून दार जितके घट्ट बसवावे, तितका आत कोंडलेल्या बाष्पाचा साठा वाढतो.

ही गोष्ट प्रथम लक्षात आली ती शंख-शिंपल्यांच्या संग्राहकांच्या. इंग्लंडमधील बाइन नावाच्या अभ्यासकाने १८९९ साली कपाटांतील शिंपल्यांवर येणाऱ्या पांढऱ्या, खारट-आंबट फुलोऱ्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि तो जंतुजन्य रोग असावा असा तर्क केला. तर्क चुकीचा होता, तरी नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. आजही त्या विकाराला ‘बाइनचा रोग’ असेच म्हणतात. पुढे १९३४ साली निकोल्स या रसायनज्ञाने त्याचा संबंध ओकच्या लाकडातून निघणाऱ्या ॲसेटिक आम्लाशी जोडून दाखवला. शिंपला हा कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असल्याने आम्लाचे बाष्प त्याच्यावर बसताच कॅल्शियमचे क्षार तयार होतात, ते फुगून पृष्ठभागाबाहेर येतात आणि वरचे नक्षीदार कवच पिठासारखे गळू लागते. ब्रुसेल्सच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात ओकच्या कपाटांत ठेवलेल्या चुनखडकांच्या नमुन्यांवरही असाच एक क्षार आढळला आणि १९४५ साली त्याला ‘कॅल्क्लासाइट’ असे स्वतंत्र नाव मिळाले. निसर्गात क्वचितच घडणारा पदार्थ कपाटाच्या खणात घडला, हा मोठाच विनोद म्हणावयाचा.

शिशाची कथा याहून सरळ आहे. रंगाऱ्यांचा जुना सफेता ज्या रीतीने तयार करीत, त्या रीतीत शिशाचे पत्रे शिरक्याच्या मडक्यांवर ठेवून, भोवती शेणखत रचून, सारे बंद खोलीत काही आठवडे कोंडून ठेवीत. शिरक्याचे बाष्प शिशाला झोंबे, खतातून निघणारा कर्बद्विप्राणिद वायू त्याचा कार्बोनेट करी, आणि आम्ल पुन्हा मोकळे होऊन पुढच्या थराकडे वळे. बंद लाकडी पेटी हा त्याच कारखान्याचा छोटा नमुना समजावा. यातील भयावह भाग असा की आम्ल खर्ची न पडता पुनःपुन्हा कामास येते, त्यामुळे त्याची अत्यल्प मात्राही दीर्घकाळात मोठे नुकसान करू शकते.

म्हणून प्रथम आपल्या संग्रहाचा झाडा घेऊन त्यातील नाजूक जिनसा वेगळ्या काढाव्यात. शिसे आणि शिशाचा अंश जास्त असलेले कासे. बिदरी काम, कारण त्याचा गाभा मुख्यतः जस्ताचा असतो आणि जस्तालाही ही आम्ले सोसत नाहीत. शंख, शिंपले, कवड्या, प्रवाळ, पक्ष्यांची अंडी. चांदीच्या लवणांवर छापलेली जुनी छायाचित्रे. या सर्वांची गणना पहिल्या वर्गात करावी. तांबे आणि पितळ दुसऱ्या वर्गात येतील. कागदावर परिणाम सावकाश होतो, परंतु कागद आम्ल शोषून घेतो आणि दप्तराच्या बाहेरच्या पानांच्या कडा आधी पिवळ्या पडून ठिसूळ होतात, त्यास अन्य कारणांबरोबर हेही एक कारण असते. उलट सोने, दगडी हत्यारे, चकाकीची भाजलेली भांडी यांना या बाष्पांचे फारसे भय नाही. तेव्हा ज्यांना हात राखून खर्च करावयाचा आहे त्यांनी या वस्तू खुशाल जुन्या लाकडी कपाटात ठेवाव्यात आणि वाचलेला पैसा पहिल्या वर्गासाठी योजावा. चांदीचा मुख्य शत्रू वेगळा, म्हणजे गंधकयुक्त वायू. त्याचा उल्लेख पुढे अस्तराच्या प्रसंगाने येईल.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. लाकडातून आम्ल सुटते असे कळल्यावर कोणाच्याही मनात पहिला उपाय येतो तो लाकडावर एक जाड, चकचकीत पुट चढवून त्याचे तोंड बंद करून टाकण्याचा. या उपायात दोन भ्रम दडलेले आहेत. कोणतेही रोगण लाकडाची बाष्पे पूर्णपणे अडवीत नाही, त्यांचा वेग फक्त कमी-अधिक मंद करते, हा एक. आणि पुष्कळशी रोगणे स्वतःच बाष्पे सोडतात, कित्येकदा लाकडापेक्षाही अधिक आणि अधिक उपद्रवी, हा दुसरा. रंगाच्या दुकानात चकाकी, टिकाऊपणा आणि दर यांची चौकशी सगळे करतात. संग्रहाच्या कपाटासाठी जो प्रश्न सर्वांआधी विचारावयाचा तो असा, की हे रोगण सुकते कसे? कारण सुकण्याच्या रीतीवरच पुढे आतल्या हवेत काय मिसळणार हे ठरते.

काही रोगणे हवेतला प्राणवायू शोषून सुकतात. बेलतेल, तेलात शिजवलेले चंद्रसाचे रोगण, घराच्या दारांना देतात तो तैलरंग, हल्लीचे अल्किड एनॅमल, आणि एकाच डब्यात मिळणारे बरेचसे पॉलियुरेथेन, ज्याच्या घटकांत तेलाचाच अंश असतो, ही सारी एकाच कुळातली. तेलाचे रेणू प्राणवायूशी संयोग पावून एकमेकांत गुंततात आणि कठीण पापुद्रा बनतो खरा. पण या क्रियेतच रेणूंचे तुकडेही पडतात, आणि ते तुकडे फॉर्मिक व ॲसेटिक आम्ले, निरनिराळी अल्डिहाइडे आणि पेरॉक्साइडे यांच्या रूपाने बाहेर पडत राहतात. बोटाला रंग लागेनासा झाला म्हणजे क्रिया संपली असे नव्हे. ती पुढे महिनोन्‌महिने, कमी प्रमाणात तर कित्येक वर्षे चालू राहते. आतून असा रंग दिलेले कपाट दोन महिन्यांनी उघडले असता जो ओळखीचा वास येतो, तो हाच पुरावा. तेव्हा तेलाच्या कुळातले कोणतेही रोगण बंद कपाटाच्या आतल्या बाजूस लावू नये, हा नियम निरपवाद समजावा. बाहेरच्या बाजूस लावण्यास प्रत्यवाय नाही, मात्र त्यासही वाळण्यास पुरती मुदत द्यावी.

दुसरे कूळ आम्लाच्या उत्प्रेरणेने घट्ट होणाऱ्यांचे. आपल्याकडे दिवाणखान्यातील सामानावर ‘मेलमाइन पॉलिश’ या नावाने जे सर्रास चढवतात, ते या जातीचे. त्यात एका डब्यातील राळेत दुसऱ्या डब्यातील आम्लधर्मी द्रव मिसळला की काही तासांत काचेसारखा कठीण थर बनतो, आणि कारागिरांना ते प्रिय असण्याचे कारणही हेच आहे. पण या राळेच्या घडणीतच फॉर्माल्डिहाइड असते; ते वाळताना तर सुटतेच, पण नंतरही दमट हवेत राळेचे बंध सैल होऊन सुटत राहते, आणि पुढे त्याचेच फॉर्मिक आम्ल होऊ शकते. नवे फर्निचर आल्यावर डोळे चुरचुरतात ते याच वायूमुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली त्याची गणना माणसास कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत केलेली आहे. तेव्हा पदकांसाठी नव्हे तरी आपल्या मुलाबाळांसाठी त्याविषयी सावध असावे.

नायट्रोसेल्युलोजचे लॅकर, ज्याला दुकानदार एन.सी. म्हणतात, ते निव्वळ द्रावक उडून जाऊन सुकते, त्यामुळे त्याचा वास लवकर जातो आणि ते निर्दोष वाटते. परंतु त्याचा पापुद्राच अस्थिर असल्याने वयपरत्वे तो पिवळा पडून नायट्रोजनची आम्लधर्मी ऑक्साइडे सोडतो. त्यालाही आत मज्जाव करावा.

यानंतर उरलेली रोगणे कामाची. चपड्या लाखेचे स्पिरिट पॉलिश हे त्यांत सर्वांत जुने आणि आपल्या देशाच्या हक्काचे. स्पिरिट उडून गेले की मागे लाखच तेवढी राहते. वाळण्याच्या क्रियेत नवे आम्ल निपजत नाही, आणि लाकडातील बाष्पे अडवण्याचा गुणही तिच्यात मध्यम मानाचा आहे. वडिलोपार्जित सागवानी कपाट मोडवत नाही आणि त्याचे मूळ रूपही राखावयाचे आहे, अशा वेळी हेच योग्य. मात्र एक बारकावा फार थोडे लोक जाणतात. पॉलिशवाला गादी लाकडावर घसरावी म्हणून तिच्यावर तेलाचे थेंब टाकीत असतो. आतल्या बाजूला काम करताना हे तेल वर्ज्य करावयास त्यास आधीच बजावून ठेवावे. तो कुरकुर करील, कारण तेलावाचून ती चकाकी येत नाही. कपाटाच्या आत चकाकीची गरज कोणास आहे?

पाण्यात मिसळणारे शुद्ध ॲक्रिलिक रोगण बाष्पांच्या दृष्टीने बरेच सौम्य असते. मात्र लाकडाची बाष्पे अडवण्यात ते दुबळे पडते, आणि त्याचा थर किंचित नरम राहत असल्याने जड वस्तू त्याला चिकटून बसतात. म्हणून फळीवर पॉलिएस्टरचा पारदर्शक पत्रा अंथरून मगच वस्तू मांडाव्यात. बंदिस्तीच्या बाबतीत सर्वांत श्रेष्ठ म्हणजे दोन डब्यांचे इपॉक्सी आणि त्याखालोखाल दोन डब्यांचे पॉलियुरेथेन. यांचे दोन घटक परस्परांशी संयोग पावून जाळे विणतात, हवेतल्या प्राणवायूची त्यांस गरज नसते, आणि पूर्ण घट्ट झाल्यावर त्यांच्यातून फारसे काही सुटत नाही. परंतु ‘दोन डब्यांचे’ एवढ्यावर विसंबणे धोक्याचे, कारण वर सांगितलेले मेलमाइनही दोन डब्यांतच येते आणि कित्येक कारागीर दोहोंना एकच समजतात. डब्यावरचा मजकूर स्वतः वाचावा, आणि दुसऱ्या डब्यात आम्ल आहे की आयसोसायनेट, याची खात्री करून घ्यावी. घटकांचे प्रमाण अंदाजाने न घेता मापाने घ्यावे. प्रमाण चुकले तर एक घटक अतृप्त राहून पुढे त्रास देतो. आयसोसायनेटची फवारणी फुप्फुसांस अपायकारक असल्याने रंगाऱ्यास योग्य श्वसनमुखवटा द्यावा. तोंडाला बांधलेला रुमाल त्या कामी निरुपयोगी आहे.

रोगण कितीही चांगले असले तरी ते लावण्याच्या रीतीवर पुष्कळ अवलंबून असते. समोरचा भाग तीन वेळा घोटून काढायचा आणि फळीची पाठ, खणाचा तळ, खिळ्यांची भोके, बिजागरीखालची जागा कोरडी सोडायची, ही आपल्याकडची रूढ पद्धत. आणि लाकडाच्या आडव्या कापाचे टोक, जेथून बाष्पे सर्वांत मोकळेपणी निघतात, ते तर हटकून उघडे राहते. आतल्या हवेशी संबंध येणारी प्रत्येक बाजू, कड आणि खाच यांवर किमान तीन हात द्यावेत, आणि टोकांवर एखादा हात अधिक. भेगा भरण्याच्या लांबीत तेल नसावे. हे काम पावसाळ्यात काढू नये: दमट हवेत स्पिरिट पॉलिश पांढुरके पडते आणि इतर रोगणे वाळण्यास वेळ घेतात, दिवाळीनंतरची कोरडी थंडी त्यास उत्तम. काम झाल्यावर सर्व दारे उघडी आणि खण बाहेर काढून ठेवून, वाऱ्याच्या खोलीत किमान चार आठवडे कपाट रिकामे राहू द्यावे. ज्या दालनात संग्रह आहे त्याच दालनात हे करू नये, इतके सांगण्याची गरज नसावी, पण ती असते. उद्‌घाटनाची तारीख आधी ठरवून मग कपाटे करावयास टाकणाऱ्या संस्था या चार आठवड्यांवरच सर्वप्रथम कात्री चालवतात.

लाकडाची निवडही विचाराने करावी. ओक आणि चेस्टनट ही आम्लाच्या दृष्टीने सर्वांत वाईट, आणि जुन्या विलायती कपाटांत ओक असतो. परंतु आपला सागही या बाबतीत निर्धोक नाही, त्याची मजबुती आणि वाळवीशी झुंजण्याची शक्ती कितीही वाखाणण्याजोगी असली तरी. प्लायवुडमध्ये लाकडाच्या जोडीला गोंदाचा प्रश्न येतो. स्वस्त व्यापारी प्लायवुड आणि भुश्शाच्या दाबलेल्या फळ्या यांत बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो, आणि दमट हवेत तो फॉर्माल्डिहाइड सोडीत राहतो. भारतीय मानक ७१० चे, जहाजी म्हणून विकले जाणारे प्लायवुड फिनॉलच्या राळेने जोडलेले असते आणि वायूच्या बाबतीत त्याहून बरेच बरे. तरी त्यातील लाकूड हे लाकूडच, हे विसरू नये.

ज्यांच्याजवळ शिसे, शिंपले किंवा बिदरी आहे त्यांनी रोगणावर मदार ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्यासाठी पावडर कोटिंग केलेले पोलादी कपाट, काच आणि धातू यांची मांडणी हाच राजमार्ग. भट्टीत भाजलेल्या एनॅमलचे पोलादी कपाट असेल तर भाजणी पुरेशी झाली आहे ना हे पाहावे: मिथाइल इथाइल कीटोन या द्रावकात भिजवलेला कापसाचा बोळा आतल्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात घासला असता रंग बोळ्यावर उतरला किंवा पृष्ठभाग चिकट झाला, तर भाजणी कच्ची राहिली असे समजावे. लाकडी कपाटच वापरणे भाग असेल तर त्याच्या आतून अल्युमिनियमचा वर्ख दोन प्लास्टिकांच्या थरांमध्ये दाबून केलेला पत्रा, म्हणजे चहा-औषधांच्या बांधणीत वापरतात त्या जातीचा, गरम इस्त्रीने चिकटवून घ्यावा. धातूच्या थरातून बाष्प जात नाही, आणि सांधे त्याच जातीच्या पट्टीने बंद केले की लाकूड जणू कपाटाबाहेर राहते. सनमायकाचा पत्राही बराच अडसर करतो, मात्र त्याच्या उघड्या कडा आणि तो चिकटवण्याचा गोंद यांकडे दुर्लक्ष होता कामा नये.

कपाट निर्दोष झाले आणि आतल्या सजावटीने घात केला, असेही घडते. सुतारांचा नेहमीचा पांढरा गोंद पॉलिव्हिनाइल ॲसेटेटचा असतो आणि तोही ॲसेटिक आम्ल सोडतो. काचेचे सांधे बुजवण्याच्या सिलिकोनचे दोन प्रकार असून ज्याला लावताना शिरक्याचा झणझणीत वास येतो तो प्रकार परत करावा, आणि उदासीन जातीचा मागून घ्यावा. भावात अंतर थोडे आहे. लोकरीचे फेल्ट गंधकयुक्त वायू सोडून चांदी काळवंडवते; रबराचेही तेच. पी.व्ही.सी.च्या पिशव्यांतून कालांतराने हायड्रोक्लोरिक आम्ल निघते, तेव्हा नाण्यांच्या खिशाखिशांच्या वह्या घेताना त्या पॉलिएस्टरच्या आहेत याची खात्री करावी. अस्तरासाठी पुनःपुन्हा धुतलेले, खळ आणि रंग नसलेले सुती कापड पुरेसे आहे. मखमल हवीच असेल तर आधी तिची परीक्षा घ्यावी.

परीक्षा कशी घ्यावयाची? ब्रिटिश म्युझियममधील ॲन्ड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली आणि ती जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ज्या पदार्थाची शंका आहे त्याचे सुमारे दोन ग्रॅम, थोडे पाणी आणि शिसे, तांबे व चांदी यांचे घासून लखलखीत केलेले तुकडे काचेच्या भांड्यात बंद करून ६० अंश सेल्सियसला २८ दिवस ठेवावयाचे, आणि नुसत्या पाण्याच्या दुसऱ्या भांड्यातील तुकड्यांशी त्यांची तुलना करावयाची. शिशावर पांढरे आले तर आम्ल, चांदी काळी पडली तर गंधक. घरी ६० अंश उष्णता महिनाभर स्थिर राखता येत नाही, म्हणून मुदत वाढवून दोन-तीन महिने करावी. रोगणाची परीक्षा असेल तर त्याचा नमुना काचेच्या पट्टीवर लावून, चार आठवडे वाळवून मग भांड्यात सोडावा. ओले रोगण टाकले तर कोणतेही नापासच होईल. कोकणातल्या वाचकांस शिसे शोधावयास लांब जावयास नको. मासेमारीच्या जाळ्याला लावतात ती शिशाची गोळी ठोकून चपटी केली आणि पॉलिशपेपरने घासली की काम भागते. मात्र त्या घासणीची भुकटी विषारी असते. हे काम स्वयंपाकघरात वा मुलांच्या देखत करू नये, आणि झाल्यावर ओल्या कागदाने जागा पुसून हात स्वच्छ धुवावेत. अशीच एक चकचकीत पट्टी तयार कपाटात दोऱ्याने टांगून ठेवावी आणि दुसरी बाहेर खोलीत. दर महिन्याला दोन्ही शेजारी धरून पाहण्याचा रिवाज ठेवला तर वस्तूंवर संकट येण्याआधी पट्टीच वर्दी देईल. नाकावर भिस्त ठेवू नये. वास येत नाही एवढ्याने हवा शुद्ध ठरत नाही, कारण शिशाला पुरेल इतके आम्ल नाकाला कळण्याच्या पुष्कळ खाली असू शकते.

नुकसान आधीच दिसू लागले असेल तर घाई करून घासूपुसू नये. शिशावरची भुकटी विषारी असते, आणि तिच्याखाली छापाचा जो अंश उरलेला असतो तो घासण्याने जातो. हातमोजे घालून वस्तू त्या कपाटातून काढाव्यात, पॉलिप्रॉपिलीनच्या झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवाव्यात आणि धातुसंवर्धनाच्या जाणकाराकडे न्याव्यात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि लखनौच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेत या विषयाची माणसे आहेत. शिंपल्यांवरचा फुलोरा साध्या पाण्याच्या दोन-चार धुण्यांनी निघू शकतो. शेवटचे धुणे ऊर्ध्वपातित पाण्याचे करून शिंपले पुरते वाळवावेत, आणि त्याच खणात परत ठेवू नयेत. दोषी कपाट तात्काळ बदलणे शक्य नसेल तेथे त्याची दारे दिवसा उघडी ठेवावीत आणि आत सक्रियित कोळशाच्या पुरचुंड्या ठेवाव्यात. शेगडीचा कोळसा त्या कामी येत नाही, आणि सक्रियित कोळसाही तृप्त झाला की बदलावा लागतो. डांबराच्या गोळ्यांनी यातले काही एक साधत नाही.

राहता राहिला कागदोपत्री बंदोबस्ताचा विषय, आणि माझ्या मते तो रोगणाइतकाच महत्त्वाचा आहे. संस्थांच्या कपाटांची वाट बहुधा मार्चअखेर लागते: अनुदानाची शिल्लक संपवावयाची असते, रंगकामाचा ठेका निघतो, आणि ठेकेदाराची माणसे जुन्या कपाटांना आतून-बाहेरून तैलरंगाचा एक हात मारून जातात. तेव्हा ठेक्याच्या मसुद्यात कपाटाच्या आतल्या बाजूचे काम बाहेरच्यापासून वेगळे लिहावे. रोगणाची जात, घटकांचे प्रमाण, हातांची संख्या आणि वाळवणीचे चार आठवडे ही कलमे स्वतंत्र घालावीत, आणि त्या मुदतीपूर्वी बिल मंजूर होणार नाही असे नमूद करावे. काम उरकल्यावर रोगणाचे नाव, दोन्ही डब्यांवरील मजकूर, लावल्याची तारीख आणि परीक्षेचा निकाल एका कार्डावर लिहून ते खणाच्या पाठीमागे अडकवावे व त्याची नक्कल संग्रहाच्या नोंदवहीत ठेवावी, म्हणजे दहा वर्षांनी चिटणीस बदललेले असले आणि रंगारी दारात उभा असला, तरी आत काय लावावयाचे हे त्यांना कोणाला विचारावे लागणार नाही.